कलासंस्थांना उद्योगांचे साहाय्य : प्रायोजकत्व आणि सीएसआर निधी यांतील भेद

संगीत महोत्सव, नाट्यसंस्था, लोककला पथके आणि संग्रहालये यांना उद्योगांकडून प्रामुख्याने दोन मार्गांनी अर्थसाहाय्य मिळते. एक मार्ग प्रायोजकत्वाचा, तर दुसरा कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीचा, म्हणजेच सीएसआरचा आहे. या दोहोंतील भेद लक्षात न घेता सादर केलेला प्रस्ताव, कार्य मोलाचे असूनही, फेटाळला जाण्याची शक्यता असते.

कंपनी कायदा, 2013 मधील कलम 135 हे 1 एप्रिल 2014 पासून अंमलात आले. 500 कोटी रुपयांचे नक्त मूल्य, 1,000 कोटी रुपयांची उलाढाल किंवा 5 कोटी रुपयांचा निव्वळ नफा, यांपैकी एक निकष पूर्ण करणाऱ्या कंपन्यांवर, मागील तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या किमान 2 टक्के रक्कम समाजोपयोगी कामांवर खर्च करण्याचे बंधन या कलमाने घातले. राष्ट्रीय वारसा, कला आणि संस्कृती यांचे संरक्षण, ऐतिहासिक वास्तूंचा जीर्णोद्धार, सार्वजनिक ग्रंथालयांची स्थापना तसेच पारंपरिक कला व हस्तव्यवसायांचा विकास यांचा अशा कामांत समावेश आहे.

मात्र, एकाच वेळी होऊन संपणाऱ्या कार्यक्रमांवरील खर्च सीएसआरमध्ये धरता येणार नाही, असे कंपनी व्यवहार मंत्रालयाने 18 जून 2014 च्या परिपत्रकात स्पष्ट केले. पुरस्कार, जाहिराती आणि दूरचित्रवाणी कार्यक्रमांचे प्रायोजकत्व ही उदाहरणे त्यात देण्यात आली होती. विपणनाचा लाभ मिळवण्यासाठी दिलेले प्रायोजकत्वही 2021 च्या सुधारित नियमांनी वगळले.

त्यामुळे कंपनीच्या नावाचे फलक झळकणाऱ्या तीन दिवसांच्या महोत्सवाचा प्रस्ताव विपणन विभागाकडे देणे योग्य ठरते. श्रोत्यांची संख्या, वयोगट आणि मिळणारी प्रसिद्धी यांचा तपशील तेथे महत्त्वाचा असतो. याउलट लोककलावंतांच्या शिष्यांचे वर्षभराचे प्रशिक्षण किंवा हस्तलिखितांचे जतन यांसारखे प्रकल्प सीएसआर विभागाकडे मांडता येतात. तेथे उद्दिष्ट, कालावधी, लाभार्थी आणि टप्प्याटप्प्याचा खर्च यांची विचारणा होते. एकच संस्था दोन्ही प्रस्ताव देऊ शकते. मात्र दोन्ही रकमांचे हिशेब स्वतंत्र ठेवणे हिताचे असते.

कंपनीशी संबंध नसलेल्या स्वयंसेवी संस्थेला सीएसआर निधीतून काम करण्यासाठी आयकर कायद्याखालील आवश्यक नोंदण्या आणि किमान तीन वर्षांचा अनुभव असावा लागतो. 1 एप्रिल 2021 पासून सीएसआर-1 हा अर्ज भरून नोंदणी करणेही अनिवार्य झाले आहे. कंपनीने आपल्या कार्यक्षेत्रातील परिसराला प्राधान्य द्यावे, असे कायदा सांगतो. म्हणूनच लहान गावातील संस्थेने दूरच्या महानगरातील कार्यालयाआधी जवळच्या कारखान्याशी संपर्क साधणे अधिक उपयुक्त ठरू शकते.

वारसास्थळांसाठी 1996 मध्ये स्थापन झालेला राष्ट्रीय संस्कृती निधी हा आणखी एक मार्ग आहे. दिल्लीतील हुमायूनच्या मकबऱ्याच्या उद्यानाचे पुनरुज्जीवन या निधीच्या माध्यमातून, आगा खान सांस्कृतिक न्यासाच्या सहकार्याने, 2003 मध्ये पूर्ण झाले.

अनेक लहान संस्थांचा कारभार कलावंत स्वतःच सांभाळतात आणि लेखापरीक्षणाचे काम मागे पडते. परंतु लेखापरीक्षित हिशेब आणि नोंदणीची कागदपत्रे तयार नसतील, तर हाती आलेली संधीही निसटू शकते. त्यामुळे प्रस्तावाची तयारी हिशेबाच्या वह्यांपासूनच सुरू होणे आवश्यक आहे.