शुक्राणू कसे तयार होतात? 'धातू जाण्या'ची भीती सोडा!

आमच्या वस्तीतल्या अभ्यासिकेत येणारा एक मुलगा मला बाजूला घेऊन म्हणाला, "दादा, माझी धातू जाते. मी आतून संपत चाललोय." झोपेत वीर्य जाते, एवढीच त्याची तक्रार. पण भिंतीवरची जाहिरात वाचून त्याने दोन महिन्यांची कमाई औषधांवर घालवली होती. रक्ताच्या चाळीस थेंबांतून वीर्याचा एक थेंब बनतो, असे त्याला सांगितले गेले होते. हे साफ खोटे आहे.

शुक्राणू रक्त आटवून बनत नाहीत. ते वृषणांत, म्हणजे अंडकोशातल्या दोन गोळ्यांत तयार होतात. वृषणांत अतिशय बारीक, वेटोळ्या नळ्या असतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीकडून संप्रेरकांचा निरोप आला की वृषणात टेस्टोस्टेरॉन बनते आणि या नळ्यांतल्या पेशींचे विभाजन सुरू राहते. ४६ गुणसूत्रांच्या पेशीपासून २३ गुणसूत्रांचे शुक्राणू बनतात. या कामाला थोडा थंडावा लागतो, म्हणून वृषण पोटाबाहेर असतात. तिथले तापमान शरीरापेक्षा २ ते ४ अंशांनी कमी असते.

एक शुक्राणू घडायला साधारण ६४ ते ७४ दिवस लागतात. मग वृषणाला चिकटलेल्या अधिवृषण नलिकेत तो आणखी काही दिवस पक्व होतो. वयात आल्यापासून हे काम रोज चालू असते आणि रोज कोट्यवधी शुक्राणू तयार होतात. बाहेर न पडलेले शुक्राणू शरीरच विरघळवून टाकते. वीर्यात शुक्राणूंचा वाटा अगदी थोडा असतो. बाकीचा द्रव शुक्राशय आणि प्रोस्टेट ग्रंथीतून येतो. म्हणून स्वप्नात किंवा हस्तमैथुनाने वीर्य गेल्याने अशक्तपणा येत नाही.

खरा धोका वेगळा आहे. तंबाखू, सिगारेट आणि अति दारूने शुक्राणूंवर वाईट परिणाम होतो. जिममध्ये घेतलेल्या स्टेरॉइड्समुळे तर शुक्राणू बनणेच थांबू शकते. वृषणात गाठ किंवा दुखणे असेल, वीर्यात रक्त किंवा लघवीच्या जागी पू दिसला, तर सरळ डॉक्टरकडे जा.

१९३४ साली र. धों. कर्वे यांच्या 'समाजस्वास्थ्य' मासिकावर वाचकांच्या लैंगिक प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून अश्लीलतेचा खटला झाला. तेव्हा कोर्टात कर्वेंची बाजू डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी मांडली. आपल्या अभ्यासवर्गात या विषयावर एक तास बोलायला मग आपण का लाजावे? आपण गप्प राहिलो, तर मुलांशी ती भिंतीवरची जाहिरातच बोलणार.