रात्री दोनचा स्कॅन आणि बाबांचं बटण

आजचा विषय आहे घरच्या कॉम्प्युटरचा आपोआप होणारा सिक्युरिटी स्कॅन. ऐकताना सेटिंग्ज लिहून घ्यायची धडपड करू नका, सगळं या शब्दांकनात आहे.

आमच्या सांगलीच्या घरी एक डेस्कटॉप आहे, विंडोजवाला. बाबा सोसायटीचे खजिनदार. मेंटेनन्सच्या पावत्या, ताळेबंद, सगळं त्याच्यावर. वार्षिक सभेच्या आधी बाबा पेनड्राइव्ह घेऊन झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला गेले. परत येऊन पेनड्राइव्ह लावला, तर फोल्डरच्या जागी नुसते शॉर्टकट! आणि स्क्रीनच्या कोपऱ्यात काहीतरी इशारा. बाबांनी तो घाबरून बंद केला आणि मला पुण्याला फोन लावला, "अरे, सोसायटीचे हिशोब गेले की काय?"

गेले नव्हते. हा जुनाच प्रकार आहे. हा व्हायरस खऱ्या फाइल्स लपवतो आणि त्यांच्या नावाचे शॉर्टकट समोर ठेवतो. आपण त्यावर डबल क्लिक केलं की तो चालू. विंडोजच्या डिफेंडरने त्याला दारातच अडवलं होतं, तो इशारा त्याचाच होता. पण कॉम्प्युटरमध्ये आधीपासून काही लपून बसलं असेल तर? मी मोठ्या रुबाबात म्हणालो, "बाबा, तुम्ही काळजी करू नका. मी दोन वर्षांपूर्वीच दर रविवारचा फुल स्कॅन लावून ठेवलाय."

शनिवारी घरी गेलो आणि पॉवरशेलमध्ये डिफेंडरची माहिती काढली. शेवटच्या फुल स्कॅनला किती दिवस झाले, त्यासमोर आकडा होता ४२९४९६७२९५. दिवस! म्हणजे जवळपास १ कोटी १७ लाख वर्षं. इंजिनिअर मंडळींनी ओळखलं असेल, ३२ बिटमध्ये मावणारा हा सगळ्यात मोठा आकडा. सोप्या मराठीत अर्थ असा, की फुल स्कॅन एकदाही झालेला नाही.

का? कारण मी वेळ लावली होती रात्री दोनची. आणि आमचे बाबा रोज रात्री दहाला कॉम्प्युटर शटडाऊन करून भिंतीवरचं बटणही बंद करतात. बाबांची चूक शून्य. ऑफिसच्या सर्व्हरसारखं घरचं मशीन रात्रभर चालू असेल, असं मी गृहीत धरलं. आपला फोन रात्री चार्जिंगला जागाच असतो, प्ले प्रोटेक्ट त्यातली ॲप्स आपोआप तपासत राहतं, त्यामुळे आपल्याला हे सुचतच नाही.

आता थोडं आतलं. डिफेंडरचं रिअल-टाइम प्रोटेक्शन फाइल उघडताना, चालवताना तपासतं. क्विक स्कॅन व्हायरस नेहमी जिथे बसतात त्या जागा बघतो, काही मिनिटांत होतो, आणि तो विंडोज स्वतःहून अधूनमधून करत असतं. फुल स्कॅन मात्र सगळ्या ड्राइव्ह चाळतो, झिप फाइल्ससकट. त्याला तासन् तास लागू शकतात, आणि तो आपण लावल्याशिवाय होत नाही. रोज करायची गरज नाही, महिन्यातून एकदा पुरे.

लावायचा कसा? स्टार्टमध्ये 'टास्क शेड्युलर' शोधा, 'क्रिएट टास्क' दाबा.

१. 'जनरल'मध्ये टास्कला नाव द्या आणि 'रन विथ हायेस्ट प्रिव्हिलेजेस'वर टिक करा.

२. 'ट्रिगर्स'मध्ये वेळ. घरात कॉम्प्युटर खरंच कधी चालू असतो, ते आधी घरच्यांना विचारा!

३. 'ॲक्शन्स'मध्ये सी ड्राइव्ह, प्रोग्रॅम फाइल्स, विंडोज डिफेंडर, आणि त्यातली 'एमपीसीएमडीरन' फाइल निवडा. खालच्या आर्ग्युमेंटच्या चौकटीत इंग्रजीत टाइप करा: डॅश स्कॅन, स्पेस, डॅश स्कॅनटाइप, स्पेस, २. स्कॅनटाइप हा सलग एकच शब्द. २ म्हणजे फुल, १ म्हणजे क्विक.

४. 'कंडिशन्स'मध्ये लॅपटॉपवाल्यांनी लक्ष द्या. 'फक्त एसी पॉवरवर चालव' ही टिक आधीपासूनच असते. चार्जर लावला नसेल तर स्कॅन होणार नाही. तिथेच कॉम्प्युटरला जागं करायचा पर्याय आहे, पण तो झोपलेल्या मशीनला उठवतो, भिंतीवरचं बटण बंद असलेल्याला नाही.

५. 'सेटिंग्ज'मध्ये वेळ चुकली तर शक्य तितक्या लवकर चालव, असा पर्याय आहे. नवीन टास्कमध्ये तो बंद असतो. तो चालू करा. मी नेमका हाच विसरलो होतो.

दोन गोष्टी अजून. फुल स्कॅनमध्ये पेनड्राइव्ह आपोआप धरला जात नाही. बाहेरून आलेल्या पेनड्राइव्हवर राइट क्लिक करून डिफेंडरने वेगळा स्कॅन करा. आणि दुसऱ्या कंपनीचा अँटीव्हायरस असेल, तर शेड्यूल त्याच्याच सेटिंगमध्ये लावा.

आम्ही आता महिन्याच्या पहिल्या रविवारी दुपारी एकची वेळ ठेवलीय. जेवण, मग बाबांची झोप, तोवर स्कॅन होतो. पहिल्या फुल स्कॅनमध्ये एक घाण सापडली. डी ड्राइव्हवरची 'फ्री मराठी फॉन्ट्स' नावाची झिप. कोणी डाउनलोड केली होती? मीच, कॉलेजात असताना. बाबा एवढंच म्हणाले, "म्हणजे पेनड्राइव्ह माझा, पण व्हायरस तुझा!"

तर आज घरी जा, 'विंडोज सिक्युरिटी' उघडा आणि 'व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन'मध्ये 'लास्ट स्कॅन'ची तारीख बघा. टास्क लावला असेल तर तो खरंच चालला का, हे पुढच्या महिन्यात पुन्हा बघा. मी दोन वर्षं बघितलं नव्हतं. आणि सोसायटीच्या हिशोबाची एक कॉपी वेगळ्या ड्राइव्हवर ठेवा, कारण स्कॅन व्हायरस पकडतो, गेलेली फाइल परत आणत नाही.

भेटू पुढच्या भागात!