वैमानिकाची वैद्यकीय पात्रता

विमान चालवण्यास एखादी व्यक्ती शारीरिक व मानसिकदृष्ट्या सक्षम असल्याच्या अधिकृत निर्वाळ्यास वैमानिकाची वैद्यकीय पात्रता म्हणतात. भारतात हा निर्वाळा नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार दिला जातो. शिकाऊ वैमानिकास द्वितीय श्रेणीचे, तर व्यावसायिक वैमानिकास प्रथम श्रेणीचे प्रमाणपत्र लागते.

आजार असल्यास वैमानिक होता येत नाही, हा समज सर्वस्वी खरा नाही. चष्मा चालतो. प्रथम श्रेणीसाठी प्रत्येक डोळ्याची दूरदृष्टी चष्म्यासह ६/९ आणि दोन्ही डोळ्यांची मिळून ६/६ असली म्हणजे पुरते. मात्र उड्डाणात जादा चष्मा जवळ बाळगावा लागतो. परीक्षकांपुढील मुख्य प्रश्न आजाराच्या नावाचा नसून, उड्डाणादरम्यान वैमानिक अचानक अक्षम होण्याच्या शक्यतेचा असतो. म्हणूनच अपस्माराबाबत नियम कठोर आहेत. मधुमेहात वाढलेल्या साखरेपेक्षा औषधामुळे एकाएकी उतरणाऱ्या साखरेची धास्ती अधिक. कारण भान हरपण्याआधीच निर्णयशक्ती मंदावते. ब्रिटनने २०१२ पासून इन्सुलिन घेणाऱ्या व्यावसायिक वैमानिकांनाही कडक अटींवर परवानगी दिली. त्यांना उड्डाणातही साखर तपासावी लागते.

या विषयाच्या दोन्ही बाजू नागपूरच्या साठे कुटुंबातील विंग कमांडर दीपक साठे यांच्या कारकिर्दीत दिसतात. भारतीय हवाई दलात असताना १९९० च्या दशकाच्या आरंभी विमान अपघातात त्यांच्या कवटीला गंभीर दुखापती झाल्या. कुटुंबीयांच्या सांगण्यानुसार ते सहा महिने रुग्णालयात होते आणि पुन्हा विमान चालवतील असे कोणालाही वाटत नव्हते. तरीही चाचणी उत्तीर्ण होऊन ते वैमानिक म्हणून परतले व पुढे नागरी विमानसेवेत गेले.

७ ऑगस्ट २०२० रोजी भर पावसात कोळिकोड येथे उतरताना त्यांचे विमान धावपट्टीच्या पुढे जाऊन दरीत कोसळले. विमानातील १९० जणांपैकी दोन्ही वैमानिकांसह २१ जण मरण पावले. विमान अस्थिर असतानाही उतरवणे चालू ठेवले गेले, हे अधिकृत चौकशी अहवालाने संभाव्य कारण मानले. साठे डॉक्टरांनी लिहून न दिलेली मधुमेहाची अनेक औषधे घेत होते आणि साखर किंचित उतरल्याने त्यांच्या निर्णयक्षमतेवर सूक्ष्म परिणाम झाला असावा, अशी शक्यताही अहवालात नोंदवली आहे. ती सिद्ध झालेली नाही. नियतकालिक तपासणीत त्या दिवसापुरतीच प्रकृती कळते. दोन तपासण्यांमधील काळात सुरू केलेले औषध कळवण्याची जबाबदारी वैमानिकाचीच असते.