निर्णय आधी, अभ्यास मागाहून

सोलापूरहून तुळजापूरकडे जाताना तामलवाडी लागते. या परिसरातील शेतकरी मृगाच्या पावसावर सोयाबीन पेरतो आणि दसरा-दिवाळीच्या सुमारास ते बाजारात नेतो. मधल्या चार महिन्यांतील पाऊस आपल्या हाती नाही, हे त्याने पिढ्यान्‌पिढ्या मान्य केले आहे. परंतु याच चार महिन्यांत दिल्लीहून निघणाऱ्या अधिसूचनाही त्याने पावसासारख्याच मुकाट्याने सोसाव्यात काय?

ऑगस्ट २०२१ मध्ये सोयाबीनचा भाव क्विंटलला दहा हजार रुपयांच्या आसपास गेला होता. कुक्कुटपालन उद्योगाच्या मागणीवरून केंद्राने बारा लाख टन जनुकीय परिवर्तित सोयापेंड आयात करण्यास मुभा दिली. नवे पीक बाजारात येईतो भाव जवळजवळ निम्म्यावर आला. ही घसरण सारी आयातीचीच होती, असे म्हणणे उतावीळपणाचे ठरेल. नव्या मालाची आवक होती, जागतिक बाजारही होता. पण त्यांतील कोणाचा वाटा किती, हे वेगळे काढून दाखविणे हेच संशोधनाचे काम, आणि त्याची खरी गरज अधिसूचना निघण्यापूर्वी असते.

सप्टेंबर २०२४ चा निर्णय उलट दिशेचा होता. कच्च्या खाद्यतेलावरील आयातशुल्क साडेपाच टक्क्यांवरून साडेसत्तावीस टक्क्यांवर नेण्यात आले. तरीही त्या हंगामात सोयाबीन ४,८९२ रुपयांच्या हमीभावाखालीच विकले गेले. यात नवल वाटण्याचे कारण नाही. सोयाबीनमधून तेल निघते सुमारे अठरा टक्के, उरते ती बहुतांशी पेंड. आणि पेंडीचा बाजार तर मंदीत होता. साध्या त्रैराशिकाने जे आधी कळले असते, ते शेतकऱ्याला वजनकाट्यापाशी कळले.

वायदेबाजाराची कथाही अशीच. २००७ च्या आरंभी तूर, उडीद, गहू व तांदूळ यांचे वायदे थांबविण्यात आले आणि त्यानंतर अभिजित सेन यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. वायद्यांमुळेच भाव चढले असा निर्णायक पुरावा २००८ च्या अहवालात तिला देता आला नाही. असे असूनही डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीनसह सात शेतमालांचे वायदे एका वर्षासाठी स्थगित झाले, आणि ती मुदत पुढे वारंवार वाढविली गेली.

आगाऊ अभ्यास जाहीर केल्यास साठेबाज सावध होतील, असा आक्षेप घेतला जातो. तो अगदीच निराधार नाही. पण शुल्क इतके बदलले तर गावच्या भावावर काय परिणाम होईल, याची कोष्टके शांततेच्या काळात सिद्ध ठेवता येतात. निर्णयाच्या दिवशी ती फक्त उघड करावयाची. हमीभावापूर्वी कृषिमूल्य आयोगाचा अहवाल होतोच. आयातीपूर्वी का नको?

अर्थात हा अभ्यास ना सरकारी खात्याचा असावा, ना तेलगिरण्यांच्या संघटनेचा. शेतकरी संघटनांच्या आकड्यांनाही तोच निकष लावला पाहिजे. महाराष्ट्राला हे अपरिचित नाही. पुण्याच्या गोखले संस्थेत धनंजयराव गाडगीळांनी गोदावरी व प्रवरा कालव्यांची पाहणी केली, तेव्हा सरकारी तिजोरीतील पाणीपट्टीपुरताच हिशेब न ठेवता कालव्याकाठच्या संसारांचे अप्रत्यक्ष लाभही मोजले. तो अहवाल १९४८ साली प्रसिद्ध झाला.

मे २०२५ च्या अखेरीस कच्च्या तेलावरील शुल्क पुन्हा साडेसोळा टक्क्यांवर आणले गेले. तामलवाडीच्या शिवारात तेव्हा पेरणीसाठी बियाण्याची जुळवाजुळव चालली होती.