टर्मिनलवर चालते, सर्व्हरवर अडते

न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ग्रंथालय न्यासासाठी तयार झालेली आणि जानेवारी २००० मध्ये वापरात आलेली ‘कोहा’ ही मुक्त प्रणाली पर्ल भाषेत लिहिलेली असून महाराष्ट्रातील अनेक महाविद्यालयांची ग्रंथसूची आज तिच्यावर चालते. तिच्या देखभालीत वारंवार भेटणारा संदेश म्हणजे ‘कान्ट लोकेट सी४/कॉन्टेक्स्ट डॉट पीएम’. म्हणजे स्क्रिप्टला लागणारे मॉड्यूल, अर्थात एकदा लिहून अनेक प्रोग्रामांनी वापरायचा कोड, सांगितलेल्या फोल्डरांत सापडलेले नाही.

वाचकाच्या ब्राउझरवर मात्र ‘५००, इंटर्नल सर्व्हर एरर’ एवढेच उमटते, म्हणून शोध सर्व्हरच्या एरर लॉगपासून सुरू करावा लागतो, आणि तेथेही शेवटच्या ओळीपेक्षा तक्रारीची पहिली ओळ अधिक बोलकी असते. पर्ल ज्या फोल्डरांत शोधते त्यांची यादी त्याच संदेशात छापलेली असते. मॉड्यूल पुन्हा इन्स्टॉल करण्याची घाई करण्यापूर्वी ती वाचली, तर बराच वेळ वाचतो.

खरी मेख अशी, की टर्मिनलवर बसलेल्या माणसाचे आणि वेब सर्व्हरचे एन्व्हायर्नमेंट, म्हणजे प्रोग्रामला सुरू होताना मिळणाऱ्या सूचनांचा संच, वेगळे असते. डेबियन लिनक्सवर अपाचे हा वेब सर्व्हर ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ या वापरकर्त्याच्या नावाने चालतो. लॉगिन करताना वाचल्या जाणाऱ्या फायलींतील ‘पर्ल-फाइव्ह-लिब’ हा मार्ग त्याला ठाऊक नसतो आणि एखाद्याच्या होम फोल्डरमधील मॉड्यूल वाचण्याची परवानगीही बहुधा नसते. कुडाळसारख्या गावी, जेथे पावसाळ्यात वीज जाणे नवलाचे नाही, हा दोष कधी कधी महिनोन्‌महिने दडून राहतो: कोणी टर्मिनलवर ‘एक्स्पोर्ट’ने मार्ग देऊन सेवा हाताने सुरू केलेली असते, बॅटरी संपून यंत्र बंद पडते, आणि वीज आल्यावर ती सेवा आपोआप, पण त्या मार्गाविना सुरू होते. काल चालणारी ग्रंथसूची आज का अडली, याचे उत्तर तेव्हा कोणत्याही फाइलीत सापडत नाही.

मार्ग अपाचेच्या मांडणीत ‘सेटएन्व्ह’ने लिहिला तर तो टिकतो, मात्र कोहा ‘प्लॅक’वर, म्हणजे अपाचेमागील स्वतंत्र प्रक्रियेत चालत असेल, तर ही ओळ तिच्यापर्यंत पोहोचत नाही. हाताने स्क्रिप्ट चालवायची असल्यास ‘कोहा-शेल’ ही आज्ञा योग्य वापरकर्ता आणि योग्य मार्ग दोन्ही पुरवते.

जुन्या स्क्रिप्टांच्या बाबतीत आणखी एक कारण संभवते. २०१७ च्या पर्ल ५.२६ पासून चालू फोल्डर शोधयादीतून सुरक्षेसाठी वगळले गेले, कारण कोणीही तेथे ठेवलेली घातक फाइल मॉड्यूल समजून उचलली जाण्याचा धोका होता. त्यामुळे स्क्रिप्टशेजारी ठेवलेले मॉड्यूल अद्ययावतीकरणानंतर अचानक ‘सापडत नाही’. अशा वेळी बिंदू, म्हणजे चालू फोल्डरचे चिन्ह, परत यादीत घालण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, पण तो चुकीचा आहे. ‘यूज लिब’पुढे त्या फोल्डरचा पूर्ण मार्ग लिहिणेच इष्ट.