नदीने परत केलेल्या वस्तूंची शिल्पे

बँकेच्या हिशेबात ‘निर्लेखन’ असा एक शब्द आहे. ज्या कर्जाच्या वसुलीची आशा उरलेली नसते, ते ताळेबंदातून कमी केले जाते. सर्वसामान्य माणसाचा समज असा की, निर्लेखित झालेले कर्ज माफ झाले. वस्तुतः तसे नसते. बँकेच्या पुस्तकातून ते निघते, पण कर्जदाराचे देणे शिल्लकच राहते. आपण घरातून किंवा दुकानातून जी वस्तू ‘टाकली’ असे म्हणतो, तिचेही असेच होते. आपल्या वहीतून ती निघते, जगातून निघत नाही. गटारातून ओढ्यात, ओढ्यातून नदीत ती जाते आणि पूर ओसरला की काठावरच्या बाभळीच्या फांद्यांवर लोंबकळताना दिसते. अशा टाकलेल्या आणि वाहून आलेल्या वस्तूंतून उघड्या आभाळाखाली शिल्पे उभी करण्याची एक कला आहे. तिचा परिचय करून देणे व आपल्या जिल्ह्याच्या संदर्भात तिचा विचार करणे, हा या लेखाचा हेतू आहे.

आपल्या देशात या कलेचे सर्वांत मोठे उदाहरण म्हणजे चंदीगडचे रॉक गार्डन. सिमला-मनालीच्या सहलीला जाता-येता ते पाहिलेले अनेक वाचक असतील. त्याचे निर्माते नेकचंद सैनी यांचा जन्म १९२४ साली, आज पाकिस्तानात असलेल्या एका खेड्यात झाला. फाळणीत घरदार सोडून ते भारतात आले आणि नव्या चंदीगडच्या उभारणीत सार्वजनिक बांधकाम खात्यात रस्ता निरीक्षक म्हणून रुजू झाले. नवे शहर वसवण्यासाठी जुनी खेडी पाडली जात होती. त्या ढिगाऱ्यांतून फुटक्या कपबश्या, कौले, बांगड्यांचे तुकडे, विजेच्या जोडणीचे जुने चिनी मातीचे भाग ते वेचू लागले. शिवालिकच्या पायथ्याच्या पावसाळी नद्यांच्या पात्रांतून पाण्याने घासून चित्रविचित्र आकार घेतलेले दगड ते सायकलवर लादून आणीत. नोकरीचे तास संपल्यावर, बांधकामास मनाई असलेल्या जंगलाच्या तुकड्यात, कोणाला न सांगता त्यांनी आपले जग रचण्यास आरंभ केला.

हे काम सुमारे अठरा वर्षे गुप्त राहिले. अधिकाऱ्यांच्या नजरेस आले तेव्हा नियमाप्रमाणे ते पाडून टाकणे एवढाच मार्ग होता. परंतु लोकांनी त्याची बाजू घेतली आणि १९७६ साली ते सर्वांसाठी खुले झाले. नेकचंदांना त्याच कामासाठी पगार आणि मदतीला मजूर देण्यात आले. १९८४ साली त्यांना पद्मश्रीने गौरवण्यात आले. जून २०१५ मध्ये ते निवर्तले.

त्यांच्या कामाची रीत व्यापारी माणसाने लक्षात घ्यावी अशी आहे. आधी त्यांनी वर्षानुवर्षे केवळ साठा केला. नंतर वर्गवारी केली आणि मूर्ती त्यानंतर घडू लागल्या. जुन्या सायकलींचे सांगाडे आणि लोखंडी सळ्या यांचा पिंजरा करावयाचा, त्यावर सिमेंटचा थर द्यावयाचा आणि थर ओला असतानाच बांगड्यांचे किंवा बश्यांचे तुकडे त्यात दाबून बसवावयाचे. एकाच जातीच्या तुकड्यांची शेकडो माणसे, प्राणी, पक्षी रांगेने उभे राहिले की पाहणाऱ्याला मूळ वस्तूचा विसर पडतो.

बांगड्यांच्या तुकड्यांच्या त्या मूर्ती पाहताना आपल्या जिल्ह्यातील माणसाला तेर आठवावे, हे स्वाभाविक आहे. तेरणेच्या काठचे हे गाव म्हणजे प्राचीन तगर. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक ग्रंथात तगरहून गाड्या भरून कापड भडोचच्या बंदरात जात असे, अशी नोंद आहे. म्हणजे तेर हे मुळात पेठेचे गाव. तेथील रामलिंगप्पा लामतुरे शासकीय वस्तुसंग्रहालयात मांडलेल्या वस्तू आपण कौतुकाने पाहतो. मणी, शंखाच्या बांगड्या, भाजक्या मातीच्या बाहुल्या, मडकी, खापरे. यांतील कितीतरी जिनसा दोन हजार वर्षांपूर्वीच्या घराघरांतून फुटून किंवा हरवून मातीत गेलेल्या आहेत. त्या काळच्या गृहिणीने फुटकी बांगडी उकिरड्यावर टाकली असेल. आज ती काचेच्या कपाटात आहे. तगरच्या व्यापाऱ्याची वही उरली नाही, त्याच्या घरचे खापर उरले. त्यावरूनच आपण त्याचे राहणीमान ओळखतो.

आता दोन हजार वर्षांनी तेरणेचा काठ कोणी खणला तर आपल्या थरात काय निघेल? खताच्या गोण्यांचे धागे, गठ्ठे बांधण्याच्या प्लॅस्टिकच्या पट्ट्या, शाम्पूच्या आणि गुटख्याच्या पुड्या, पातळ पिशव्या. तेरची खापरे मातीची होती, मातीत सुखाने राहिली. आपला थर नदीच्या पोटात अंगावर आलेल्या दुखण्यासारखा राहणार आहे.

नदीकाठच्या वस्तूंतून शिल्पे करण्याचा विचार येथे उपयोगी पडतो. अमेरिकेतील ऑरेगन राज्याच्या किनाऱ्यावर अँजेला हेझलटाइन पोझी या कलाशिक्षिकेने २०१० साली असाच उपक्रम सुरू केला. लाटांनी किनाऱ्यावर आणून टाकलेले प्लॅस्टिक स्वयंसेवक गोळा करतात, धुतात, रंगांनुसार लावतात आणि त्यातून मासे, कासवे, पक्षी यांच्या प्रचंड आकृती बनवतात. दुरून देखणा मासा दिसतो. जवळ गेल्यावर त्याचे खवले म्हणजे बाटल्यांची झाकणे आहेत, हे पाहणाऱ्याच्या ध्यानात येते आणि त्यांतील एखादे झाकण त्याच्या ओळखीचे निघते. भाषणाने जे साधत नाही, ते या ओळखीने साधते.

आपल्याकडे तेरणा, मांजरा, सीना, बोरी या नद्यांची पात्रे दिवाळीनंतर उघडी पडू लागतात. पुराने आणलेले लाकूड आणि कचरा प्रामुख्याने दोन ठिकाणी अडकतो, पुलांच्या मोऱ्यांत आणि कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या दारांशी. तेथून तो काढला तर पुढच्या पुराला वाट मोकळी होते. काठाच्या मातीत रुतलेले ओंडके मात्र तसेच राहू द्यावेत. ते माती धरून ठेवतात आणि जलचरांना आसरा देतात. ज्या लाकडात किड्यामुंग्यांची वस्ती असेल तेही जयणेने जागच्या जागी सोडावे. सुया, औषधांच्या कुप्या आढळल्यास मुलांना हात लावू देऊ नये.

आणलेले लाकूड सावलीत काही आठवडे वाळू द्यावे. ओलसर लाकडाचे शिल्प पुढे तडकते. माती व सैल साल तारेच्या ब्रशने काढून आपल्याकडे सहज मिळणारे जवसाचे तेल दोन-तीन हात द्यावे. लाकूड थेट जमिनीत पुरू नये. दगडी चौथऱ्यावर लोखंडी सळीने बसवल्यास वाळवी लवकर लागत नाही. मुळांच्या आणि फांद्यांच्या मूळ आकारातच हरीण, बगळा, नाग दडलेला असतो. तो ओळखावा, कापाकापी कमी करावी. पातळ प्लॅस्टिक उघड्यावर मुळीच लावू नये. उन्हाने ते ठिसूळ होऊन त्याचा चुरा पुन्हा नदीतच जातो. बाहेरच्या शिल्पासाठी लोखंड, काच, फरशीचे तुकडे योग्य. पिशव्या आणि पुड्या जाळीच्या पिंजऱ्यात भरून चार दिवस दाखवाव्यात व नंतर नगरपरिषदेच्या संकलनात द्याव्यात. जाळू नयेत.

तेर परिसरातील वाचकांसाठी एक विशेष सूचना. जुनी खापरे, मणी, नाणी शिल्पात वापरू नयेत. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेल्या दहा रुपयांहून अधिक मोलाच्या पुरातन ठेव्याची खबर जिल्हाधिकाऱ्यांना देणे बंधनकारक आहे.

शिल्प उभे राहिले की त्याला राखणदार हवा. १९९६ साली नेकचंद परदेशी असताना रॉक गार्डनमधील अनेक मूर्तींची मोडतोड झाली होती. पाठशाळेतील मुलांनी किंवा महिला मंडळाने असे काम हाती घेतले तर दर पावसाळ्यानंतर त्याची डागडुजी कोण करणार, हे आधीच ठरवावे.

आपण बहुतेक व्यापारी कुटुंबे. महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ पासून प्लॅस्टिक पिशव्यांवर बंदी आहे. एकदाच वापरून फेकण्याच्या अनेक प्लॅस्टिक वस्तूंवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आली. तरीही बाभळीवर लटकलेल्या पिशव्या पाहाव्यात. कित्येकींवर दुकानाचे नाव, गावाचे नाव, फोन क्रमांक ठळक छापलेला असतो. पेढीचे नाव मोठे व्हावे म्हणून वाडवडिलांनी आयुष्ये वेचली. तेच नाव नदीकाठी काट्यांत अडकून फडफडते आहे.

म्हणून एक सुचवावेसे वाटते. मुले नदीकाठी वस्तू गोळा करावयास गेली तर नावे छापलेल्या पिशव्या त्यांनी वेगळ्या काढाव्यात आणि जाळीच्या पिंजऱ्यात नावे बाहेरच्या बाजूला येतील अशा लावाव्यात. पहिल्या वर्षी त्या पिंजऱ्यासमोर उभे राहणे आपल्यापैकी काहींना जड जाईल. पुढील वर्षी तो पिंजरा भरण्यास मुलांना पुरेशा पिशव्या मिळू नयेत आणि त्यांनी नुसत्या लाकडाचा बगळा करावा, एवढे काम मात्र दुकानाच्या गल्ल्यावर बसूनही करता येण्याजोगे आहे.