शाळेचा डबा आणि चोखंदळ मूल

सकाळी भरून दिलेला डबा संध्याकाळी अर्ध्याहून अधिक भरलेलाच परत यावा, हा अनुभव भारतातील असंख्य घरांना परिचित आहे. डबा उघडल्यावर घरात होणारे संभाषणही बहुधा ठरलेले असते. मुलाला दोष दिला जातो, लाड फार झाले असे आजी म्हणते, आणि दुसऱ्या दिवशी आई कंटाळून दप्तरात बिस्किटांचा पुडा ठेवते. या सर्व व्यवहारात मूल अन्न का नाकारते, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर केवळ हट्टात शोधून चालत नाही. ते पुष्कळ अंशी शरीरशास्त्रात आहे, आणि काही अंशी त्या डब्यातच आहे.

वयाच्या दुसऱ्या वर्षापासून साधारण सहाव्या वर्षापर्यंत बालकांच्या ठिकाणी अपरिचित अन्नाविषयी एक प्रकारची भीती आढळते. जे मूल दहाव्या महिन्यात समोर येईल ते तोंडात घालीत होते, तेच तिसऱ्या वर्षी वरणातील कोथिंबिरीची काडी बाजूला काढू लागते. स्वतःच्या पायांनी हिंडू लागलेल्या जीवाने दिसेल ते पान वा फळ खाऊ नये, यासाठी निसर्गाने केलेली ही तजवीज असावी, असे अनेक शास्त्रज्ञ मानतात. शिवाय कडू चव मुलांना मोठ्यांपेक्षा अधिक तीव्रतेने जाणवते, आणि ती कोणाला किती जाणवावी हे काही प्रमाणात आनुवंशिक असते. 1931 साली आर्थर फॉक्स या अमेरिकन रसायनशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेत फेनिल-थायोकार्बामाइड या द्रव्याची भुकटी हवेत उडाली. ती सहकाऱ्यास अत्यंत कडू लागली. फॉक्स यांना तिची चवच कळेना. या भेदास मुख्यतः कारणीभूत असणारे जनुक 2003 साली ओळखण्यात आले. कोबी, मुळा, मोहरीची पाने यांत त्या भुकटीशी रचनेने साम्य असलेली द्रव्ये असतात. तेव्हा एका पंक्तीस बसलेल्या दोन भावंडांना एकच भाजी एकसारखी लागते, असे गृहीत धरता येत नाही.

तथापि ही भीती कायमची नसते. लीअॅन बर्च या अमेरिकन संशोधिकेने 1982 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दोन वर्षांच्या मुलांना त्यांनी पूर्वी न चाखलेली फळे व चीज वारंवार दिले. जो पदार्थ अधिक वेळा चाखला गेला, तोच पुढे अधिक आवडू लागला. एखादा पदार्थ रुचण्यासाठी आठ ते पंधरा वेळा त्याची ओळख व्हावी लागते, असे नंतरच्या अभ्यासांवरून सांगितले जाते. घरात मात्र दोन-तीन नकार मिळाले की पदार्थ बाद होतो. ही ओळख रात्रीच्या जेवणात, सर्वजण तोच पदार्थ खात असताना, घासभर देऊन करावी. डबा हे नव्या पदार्थाच्या परीक्षेचे स्थळ नव्हे, कारण तेथे वेळ थोडा असतो, जवळ घरचे माणूस नसते, आणि नाकारलेल्या पदार्थाऐवजी दुसरे काही मिळण्याचा संभव नसतो. परिचित अन्नाबरोबर नव्या पदार्थाचा एखादा चमचा ठेवण्यास मात्र हरकत नाही. शेजारच्या मुलाने तोच पदार्थ आवडीने खाल्ला, तर घरच्या उपदेशापेक्षा त्याचा परिणाम अधिक होतो.

भाजी संपवलीस तर मिठाई, हा सौदा मात्र उलटा पडतो. खाण्याबद्दल बक्षीस देण्याचे प्रयोग 1984 साली झाले. त्यांत ज्या पदार्थासाठी बक्षीस मिळाले, त्याचीच आवड घटली. मुलाचा तर्क सरळ आहे: ज्यासाठी मोबदला द्यावा लागतो ती वस्तू चांगली असणार नाही. मुलास मोकळे सोडावे, असे म्हणणारे क्लारा डेव्हिस यांच्या प्रयोगाचा दाखला देतात. 1920 च्या दशकाच्या उत्तरार्धात आरंभिलेल्या त्या प्रयोगात लहान बालकांना 34 पदार्थांतून हवे ते निवडू दिले होते, आणि ती उत्तम वाढली. परंतु त्या 34 पदार्थांत साखर किंवा तयार खाऊ मुळीच नव्हता, ही गोष्ट दाखला देणारे विसरतात. काय द्यावयाचे हे मोठ्यांनी ठरवावे व किती खावयाचे हे मुलाने ठरवावे, एवढाच बोध त्यातून घेता येईल.

आता डब्यातून किती पोषण जावे? भारतीय वैद्यक संशोधन परिषदेच्या 2020 सालच्या शिफारशींनुसार सात ते नऊ वर्षांच्या मुलास दिवसाला सुमारे 1700 किलोकॅलरी ऊर्जा व 23 ग्रॅम प्रथिने लागतात. शासकीय मध्यान्ह भोजन योजनेत प्राथमिक शाळेतील मुलासाठी 450 किलोकॅलरी व 12 ग्रॅम प्रथिने हे मान धरलेले आहे, आणि घरच्या डब्यासही ते उपयोगी पडते. प्रत्येकी 30 ग्रॅम कणकेच्या, तूप लावलेल्या दोन पोळ्या, 25 ग्रॅम मुगांची उसळ व एक लहान केळे एवढ्यात ते जवळजवळ साधते. धान्यात लायसिन कमी असते व डाळीत मेथिओनिन. दोन्ही एकत्र खाल्ली म्हणजे परस्परांची उणीव भरून निघते. बिस्किटांच्या पुड्यात ऊर्जा असते, पण मैदा, साखर व स्निग्धांश यांखेरीज विशेष काही नसते. 2016 ते 2018 या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पाच ते नऊ वर्षांच्या सुमारे 24 टक्के मुलांत रक्तक्षय आढळला, हे ध्यानात घेतले म्हणजे या अदलाबदलीची किंमत कळते. उसळीवर पिळलेले लिंबू केवळ चवीसाठी नसते: त्यातील क-जीवनसत्त्वामुळे कडधान्यातील लोह शरीरात अधिक शोषले जाते. चहामुळे तेच शोषण घटते.

पदार्थ पौष्टिक असूनही डबा परत येतो, तेव्हा सकाळी सात ते मधली सुट्टी या अवधीत डब्यात काय घडले हे पाहावे. गरम पोळी झाकणाखाली कोंडली की वाफेचे पाणी होऊन ती ओली होते. निवताना तिच्यातील पिष्टाचे रेणू पुन्हा घट्ट जुळू लागतात आणि ती ताठर होते. कणकेत तेल, दूध किंवा दही असेल तर हा ताठरपणा उशिरा येतो. गुजराती घरांतील थेपला प्रवासात टिकतो त्याचे इंगित हेच. ज्वारीच्या पिठात गव्हाप्रमाणे चिकट ग्लुटेन नसल्याने भाकरी लवकर तुटते. ती द्यावयाची तर दह्यात किंवा ताकात कुसकरून द्यावी. काकडीवर सकाळीच मीठ घातले तर ते तिच्यातील पाणी बाहेर ओढते व डबाभर पाणी होते. म्हणून मीठ वेगळ्या पुडीत द्यावे. चिरलेल्या सफरचंदास लिंबाचा रस चोळला म्हणजे ते लवकर काळे पडत नाही.

भाताविषयी अधिक सावधगिरी हवी. बॅसिलस सेरियस या जंतूचे बीजाणू शिजवल्यानेही मरत नाहीत, आणि भात कोमट अवस्थेत तासन् तास राहिला तर ते वाढून विष निर्माण करतात. रात्रीचा उघड्यावर राहिलेला भात डब्यात घालू नये. तमिळ घरांतील चिंचेच्या भातास त्याच्या आंबटपणाचे संरक्षण असते, त्यामुळे तो साध्या भाताहून बरा टिकतो. दहीभात दुपारपर्यंत फार आंबू नये म्हणून अनेक गृहिणी भात पुरता निवल्यावर त्यात दही थोडे व दूध अधिक घालतात. असे आंबट पदार्थ ॲल्युमिनियमच्या डब्यात न देता स्टेनलेस स्टीलच्या डब्यात द्यावेत.

आणखी काही कारणे अगदीच साधी असतात. झाकण मुलाच्या बोटांनी उघडत नाही. संत्रे सोलता येत नाही. पोळी तोडून भाजी उचलण्यास लागणारा वेळ खेळातून जातो. त्याऐवजी गुंडाळी करून दिली तर तीच पोळी-भाजी संपते. भाजीच्या वासावरून वर्गात कोणी हसले असेल, तर मूल ते घरी सांगेलच असे नाही. पंधरा दिवस परत आलेल्या अन्नाची नोंद ठेवल्यास यातील पुष्कळ गोष्टी रागावल्याविना उघड होतात. प्रमाणही मोठ्यांच्या भुकेवरून न ठरविता थोडे कमी द्यावे.

बहुतेक मुलांची ही आवड-नावड वयाबरोबर सौम्य होते. परंतु मुलाचे वजन वाढेनासे झाले, खाण्यातील पदार्थांची संख्या दिवसेंदिवस घटू लागली, किंवा घास तोंडाशी नेताच उमासे येऊ लागले, तर तो डब्याचा प्रश्न राहत नाही. अशा मुलास बालरोगतज्ज्ञांकडे न्यावे, आणि जाताना ती पंधरा दिवसांची नोंद बरोबर ठेवावी.